बैठकीतला कोल्हादगड

इनोमाता योशिहारूंना आमच्या गावात कुणी नावं ठेवत नसे, कारण ते खातं त्यांनी स्वतःकडेच घेतलं होतं. सिमेंटच्या कारखान्यातून निवृत्त झाल्याला त्यांना बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून रोज, आणि त्याआधी एकोणीस वर्षं सुट्टीच्या दिवशी, ते सकाळी नदीच्या मुखाशी दगडांच्या पट्ट्यावर हजर असत. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात बांबूची काठी, काठीच्या टोकाला तारेनं बांधलेली जुनी पळी. दगड पळीनं उचलायचा, म्हणजे वाकायला नको. जेड शोधणाऱ्याची आधी कंबर जाते आणि मग नजर, असं ते नवख्यांना सांगत. त्यांची कंबर शाबूत होती.

आमची नदी वरच्या दरीतून दगड आणते. त्या दरीत दगडाला हात लावायला सरकारची बंदी आहे, पण नदीला कोण अडवणार? पूर आला की बंदीतले दगड ती खुशाल उचलते आणि समुद्रात नेऊन टाकते. समुद्र खवळला की ते पुन्हा किनाऱ्यावर येऊन पडतात. मग आम्ही वेचतो. चोरी नदी करते, माल आमच्या पिशवीत येतो आणि कायद्याला काही बोलता येत नाही.

वेचायला येणारे बहुतेक सगळे पेन्शनीत निघालेले. बायकांनी घराबाहेर काढलेले म्हटलं तरी चालेल. हजार दगड उचलावेत तेव्हा कुठे एखादं जेड निघायचं, तेही सुपारीएवढं. बाकीचे नुसते दगड. त्यातही जो दगड हिरवागार दिसतो, मनात भरतो आणि जेड नसतो, त्याला आमच्याकडे कोल्हादगड म्हणतात, कारण माणसाला चकवावं ते कोल्ह्यानं. कुणी दगड दाखवायला आणला की इनोमाता-सान तो तळहातावर दोनदा झेलत, समुद्राच्या पाण्यात बुडवत, उन्हात धरत, आणि परत करताना एकच शब्द बोलत.

"कों!"

हे कोल्ह्याचं ओरडणं. "तुमचा दगड खोटा आहे" असं तोंडावर सांगणं आमच्यात फार उद्धटपणाचं मानतात. कोल्ह्याचा आवाज काढला की तो उद्धटपणा कोल्ह्याच्या नावावर जातो, आणि बोलणारा सभ्यचा सभ्य राहतो.

सगळ्यात जास्त 'कों' मिळाले ते मात्सुकी-सानना. हे पोस्टातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, बोलताना टोपी काढणारे गृहस्थ. अकरा वर्षं ते रोज किमान एक दगड घेऊन यायचे, 'कों' ऐकायचे, कमरेत वाकून "आभारी आहे" म्हणायचे आणि दगड पुन्हा पिशवीत ठेवायचे.

"अहो, टाका की तो आता!" इनोमाता-सान म्हणायचे.

"असू दे. घरी जागा आहे."

"घराचं गोदाम झालं असेल तुमच्या! बायको काही म्हणत नाही?"

"तिलाही सवय झालीय."

यावर इनोमाता-सान बाकीच्यांकडे बघून हसायचे, आणि बाकीचेही हसायचे. आमच्या गावात मोठ्या माणसाबरोबर हसायची पद्धत आहे.

इनोमाता-सानना हा अधिकार कुणी दिला? त्यांच्या बैठकीतल्या दगडानं. लोक ज्या कोनाड्यात एखादं चित्र टांगतात आणि खाली फुलं ठेवतात, तिथे त्यांच्याकडे काळ्या लाकडी पाटावर दोन मुठींएवढा हिरवा दगड होता. एकतीस वर्षांपूर्वी मोठा पूर आला, पूल गेला, रेल्वेचे रूळ लोंबकळत राहिले. पाणी उतरल्यावर नदीच्या नव्या पात्रात, चिखलात, त्यांना तो सापडला. दगड शर्टात गुंडाळून ते उघड्या अंगानं धावत घरी आले होते. बायको, फुसाए, स्वयंपाकघरातला पुराचा गाळ उपसत होती. तिनं हात पुसले, दगड घेतला, खिडकीशी नेला.

"अहो, याची मला अंगठी करू या ना. लग्नात राहूनच गेली होती."

"वेड लागलंय का तुला! हा कापायचा? असा दगड पुन्हा जन्मात मिळणार नाही. पुढचा सापडेल त्याची करू."

फुसाएनं दगड परत दिला आणि पुन्हा घमेलं उचललं. त्यानंतर तिनं अंगठीचं नाव काढलं नाही. पुढचा काही सापडला नाही. आमच्या नदीतलं बहुतेक जेड पांढरं असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इनोमाता-सानना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांच्या कोनाड्यातला दगड हिरवा होता. त्यामुळे ते फक्त हिरवे शोधत आणि पांढरे पळीनं बाजूला सारत.

नववर्षाला लोक त्यांच्याकडे यायचे, कोनाड्यासमोर गुडघे टेकून बसायचे, "होऽऽ" म्हणायचे. तो दगड त्यांनी कधी संग्रहालयात नेला नाही. गावात फुकट तपासून मिळतं, तरी नेला नाही. जोखणं तर घरीही होतं, पोरखेळ आहे तो. दगडाचं कोरडं वजन करायचं. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून, दगड दोऱ्यानं पाण्यात लोंबकळता धरून, आकडा किती वाढला ते बघायचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. सव्वातीनच्या आसपास आलं तर जेड. इनोमाता-सान म्हणत, "स्वतःच्या लेकीला कुणी तराजूत घालतं का?" ऐकणारे मान डोलवत. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकलेली बघायलाही बरी दिसते.

नोव्हेंबरात समाजमंदिरात बैठक झाली. आळीचे प्रमुख ताहारा-सान यांनी प्रदर्शनाची कल्पना मांडली: गावकऱ्यांना सापडलेले दगड, प्रत्येकाखाली वेचणाऱ्याचं नाव. संग्रहालयातली तरुण ओन्दा-सान येऊन प्रत्येक दगड लोकांसमोर पाण्यात जोखणार होती.

"इनोमाता-सानचा दगड अर्थात मधोमध," ताहारा-सान म्हणाले, आणि लगेच घाम पुसू लागले. "तो मात्र जोखायचं काही कारण नाही. मानाचा दगड आहे. मानाचे दगड वगळू, असं मला वाटतं."

वीस-बावीस माणसं होती. सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. हो हो, वगळूच. एवढ्या घाईनं आमच्या गावात कधी एकमत झालेलं नाही. शहाण्यानं तिथे चहा पिऊन घर गाठलं असतं.

"वगळायचा कशाला?" इनोमाता-सान उभे राहिले. "उद्या कुणी म्हणायला नको. सगळ्यात आधी माझाच जोखा!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बैठकीत अशी शांतता पसरली की बाहेर कुणाची तरी सायकल पडली ती ऐकू आली. इनोमाता-सानना ती शांतता आदराची वाटली. ते छाती काढून घरी गेले.

घरी गेल्यावर मात्र जेवण जाईना. प्रदर्शनाला दहा दिवस होते. आकड्याचा विचार त्यांनी एकतीस वर्षांत केला नव्हता, तो आता चपलेतल्या खड्यासारखा टोचू लागला. तिसऱ्या दिवशी फुसाए लोणच्यासाठी मुळे आणायला भावाच्या शेतावर गेली, तेव्हा त्यांनी पुढचं दार लावून घेतलं, फळीवरून तिचा मिठाचा काटा काढला आणि दगड ओट्यावर आणला.

कोरडा दगड एक किलो सहाशे वीस ग्रॅम. दोरा बांधला, भांड्यात सोडला. आकडा हलला, थांबला. सहाशे.

भागाकार त्यांना तोंडी येत होता, तरी त्यांनी कागदावर केला. दोन पॉइंट सात.

काटा बिघडला असणार. काट्याच्या बॅटऱ्या बदलल्या. दोरा बदलला. सहाशे. मग काट्याची परीक्षा म्हणून त्यांनी लोणच्याच्या बुधल्यावरचा लहान दाबदगड आणला. असल्या गोष्टींत अशा वेळी लोणच्याचा दगडच अस्सल जेड निघतो, हे तुम्हीही ऐकलं असेल. इनोमातांच्या घरात लोणच्याचा दगड लोणच्याचाच दगड निघाला. दोन पॉइंट सहा. काटा उत्तम होता.

इनोमाता-सान ओट्याला टेकून उभे राहिले आणि त्यांना रडू आलं. दगड खोटा निघाला म्हणून नाही. एकतीस वर्षांत त्यांनी किती लोकांना 'कों' म्हटलं होतं, ती तोंडं एकामागून एक समोर आली. अकरा वर्षं टोपी काढून उभे राहणारे मात्सुकी तर समोरून हलेनात. आता काय, दगड हरवला म्हणायचं? चोरीला गेला? ओन्दा-सानला आधीच गाठून...? शेवटी त्यांनी दगड टॉवेलात गुंडाळला आणि नदीचा रस्ता धरला. जिथून आणला तिथेच फेकून यायचं.

वारा सुटला होता, पट्ट्यावर चिटपाखरू नव्हतं. मात्सुकी-सान मात्र होते, हातात पिशवी घेऊन.

इनोमाता-सान त्यांच्यासमोर थांबले आणि टॉवेल सोडला. "हा बघा."

मात्सुकी-साननी टोपी काढली. दगड ओळखला आणि पत्ता नसलेलं पार्सल समोर यावं तसा त्यांचा चेहरा झाला. "वा! काय रंग आहे."

"रंग नाही विचारला मी."

"आकारही फार सुरेख."

"मात्सुकी-सान, सांगा काय ते!"

"एवढ्या वाऱ्यात बाहेर काढलात. सर्दी व्हायची. तुम्हाला म्हणतोय, दगडाला नाही."

"कों म्हणा."

"मी? तुम्हाला? छे छे! भलतंच काय!"

"मी तुम्हाला चार हजार वेळा म्हटलंय."

"चार हजार बारा," मात्सुकी-सान चटकन बोलून गेले आणि मग वाळूकडे बघत राहिले.

इनोमाता-सान ओल्या दगडावरच बसले. "कधीपासून माहीत आहे?"

"काय कधीपासून?"

"माझी शपथ आहे तुम्हाला."

मात्सुकी-सान शेजारी बसले. "पहिल्या नववर्षाला आलो होतो ना तुमच्याकडे. तुम्ही साके गरम करायला आत गेलात. मी जरा हातात घेऊन पाहिला. हलका लागला."

"बाकीच्यांना?"

"बाकीच्यांचं मी कसं सांगू?" त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "आपल्या पट्ट्यावरच्या यामागिशी-सानना माझ्याही आधीपासून. ताहारा-सानना वडिलांकडून कळलं."

"म्हणजे सगळ्या गावाला!"

"आम्हाला वाटायचं, तुम्हालाही माहीत आहे. बैठकीत तुम्ही 'आधी माझाच जोखा' म्हणालात, तेव्हा कळलं की नाही. त्या दिवसापासून ताहारा-सानच्या पोटात अन्न ठरत नाहीये."

इनोमाता-सानना हसावं की समुद्रात उडी घ्यावी ते कळेना. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी त्यांची तऱ्हा. पण त्यांचं ते झाकण सगळ्या गावानं मिळून धरून ठेवलं होतं.

"आणि तुमचे ते चार हजार बारा?"

"ते आम्ही घरी जोखतो. जेवण झालं की बायको दोरा धरते, मी आकडा वाचतो. सगळे कोल्हेच निघाले. म्हणजे, तीन सोडून."

"तीन?"

"पांढरे होते. तुमच्या डोळ्यांवर ऊन आलं असेल त्या दिवशी."

"मग रोज मला दाखवायला कशाला आणायचात?"

मात्सुकी-सान टोपी हातात फिरवत राहिले. "तुम्हाला आवडायचं. आणि खरं सांगू, पोस्टातून सुटल्यावर दिवसभरात मला दुसरं कुणी काही बोलतच नव्हतं."

इनोमाता-सान उठले, काठावर गेले आणि फेकण्यासाठी हात मागे नेला.

"नका टाकू," मात्सुकी-सान मागून म्हणाले. "कुणीतरी नवखा उचलेल आणि धावत तुमच्याकडेच घेऊन येईल."

ते खरं होतं. दगड परत टॉवेलात गेला.

फुसाए अंगणात मुळे धूत होती. शंभरेक मुळे, पानांनी बांधून बांबूवर वाळत टाकायचे. नवरा दिसताच तिनं मान वर केली. "काटा कुणी काढला होता? भांडं ओलं आहे."

"मी."

"किती भरला?"

इनोमाता-सान तिच्याकडे बघतच राहिले. "दोन पॉइंट सात."

"हो," फुसाए म्हणाली. "तेवढाच भरतो."

तिनं पुढचा मुळा घासायला घेतला.

"तू कधी जोखलास?"

"काटा आणला त्याच दिवशी. म्हटलं, नवा आहे, बरोबर दाखवतो का बघू. आधी मीठ जोखलं, मग तुमचा दगड."

"अगं, सतरा वर्षं झाली त्याला!"

"झाली ना. चांगला टिकला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करू? तुम्ही नदीवर जायचं सोडून घरात बसला असता. सकाळी नऊपर्यंत स्वयंपाकघर माझं असतं." तिनं मुळा बाजूला ठेवला आणि लाल झालेले हात ॲप्रनला पुसले. "आणि राग होता मला."

"कसला?"

"अंगठी मागितली होती मी. जेड कुठे मागितलं होतं? तेव्हा त्याचा तुकडा काढून दिला असतात तर घातली असती, कोल्ह्याची तर कोल्ह्याची. तुम्ही म्हणालात, हा कापण्यासारखा नाही. दगड कोनाड्यात बसला, आणि मी चिखल उपसत राहिले. पुढं काट्यावर कळलं की कापण्यासारखाच होता. मग म्हटलं, आता बसू दे त्याला तिथेच. यांनाही बसू दे त्याच्यापुढे."

एकतीस वर्षांत ती एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. इनोमाता-सान तिथेच उभे राहिले. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाटलं ते दुःख. इतकी वर्षं या बाईला राग होता, आणि दगडाची नस ओळखणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी एक मुळा उचलला आणि घासायला बसले. वाईटच घासला. तिनं तो काही न बोलता पुन्हा घासला.

दुसऱ्या दिवशी ते दगड कापणाऱ्याकडे गेले. कारागिरानं टॉवेल उघडला आणि करवतीपासून दोन पावलं मागे सरकला.

"हा? हा कापू? इनोमाता-सान, हा तर..."

"माहीत आहे तुला. तुझ्या बापालाही माहीत होतं. काप."

प्रदर्शनाच्या दिवशी समाजमंदिर गच्च भरलं. गावात कुणी मेलं तरी एवढी माणसं जमत नाहीत. मधोमध काळ्या पाटावर हिरवा दगड होता, एका बाजूनं सरळ कापलेला, आणि ते कापलेलं अंग इनोमाता-साननी मुद्दाम दाराकडे केलं होतं. ताहारा-सान भिंतीला चिकटून उभे होते. ओन्दा-साननं दगड दोऱ्याला बांधला, भांड्यात सोडला, काट्यावर वाकली आणि आकड्यावर हात ठेवला. ती याच गावची मुलगी.

"याचा रंग फारच..."

"कों!" इनोमाता-सान म्हणाले, पट्ट्यावर म्हणायचे तेवढ्याच मोठ्यानं.

कुणी हसलं नाही. कुठे बघायचं तेच कुणाला कळेना. मग मागच्या रांगेत मात्सुकी-साननी टोपी काढली, कमरेत वाकले आणि अकरा वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "आभारी आहे." त्यावर मात्र सगळं समाजमंदिर हसलं. ताहारा-सान तर डोळे पुसेपर्यंत हसले आणि लगेच दोन वाट्या भात खायला गेले.

दगडाखाली चिठ्ठी लावली ती इनोमाता-साननी स्वतः लिहून आणली होती: कोल्हादगड. वेचणारा, इनोमाता योशिहारू. शेजारच्या टेबलावर मात्सुकींचे तीन पांढरे खडे होते. त्यांच्या चिठ्ठीवर मात्सुकींनी हट्टानं लिहिलं होतं, "इनोमाता-सानच्या मार्गदर्शनाखाली." आमच्या गावात माणसाला धड हरूही देत नाहीत.

फुसाए दाराशी चहा आणि मागच्या वर्षीच्या मुळ्याचं लोणचं देत बसली होती. अंगठी जरा सैल झाली होती, म्हणून तिनं आतून दोरा गुंडाळला होता, पाण्यात दगड धरायचा तोच. दुपारी नागानोकडून सहलीला आलेली एक बाई चहा घेता घेता थबकली आणि तिनं फुसाएचा हातच धरला.

"अगंबाई! केवढी सुंदर! हे इथलं जेड ना? खरंखुरं?"

इनोमाता-सान चार पावलांवर उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

फुसाएनं हात उजेडात धरला, बोट इकडे तिकडे वळवून नीट बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"कों," ती म्हणाली, आणि त्या बाईच्या बशीत लोणच्याची आणखी एक फोड वाढली.

इनोमाता-साननी तो शब्द आयुष्यभर लोकांचे दगड परत करताना वापरला होता. फुसाएनं तो म्हटला, आणि अंगठी बोटातच ठेवली.